दिनकर शिंत्रे यांची समान वाटणी

दिनकर शिंत्रे यांचे चार भाग झाले, चारही भाग ज्याच्या-त्याच्या घरी सुखरूप पोहोचले आणि वाटेत काहीही सांडलं नाही.

पण हे वाक्य आपण वाचलंच नाही, असं समजू. असं काही झालेलं नाही. दिनकर शिंत्रे, वय एकाहत्तर, निवृत्त भूकरमापक, एकतीस मार्चच्या सकाळी सव्वासातला अख्खे आहेत. पुण्यात थोरल्या मुलाच्या, म्हणजे अभिजितच्या फ्लॅटमध्ये दाराशी आपल्याच बॅगेवर बसलेत. गुडघे जागच्या जागी आहेत, चष्मा नाकावर आहे, आणि आज तिमाही बदलायची आहे.

बायको गेल्यावर चार मुलांनी आप्पांना वाटून घेतलं होतं. जानेवारी ते मार्च पुण्यात अभिजितकडे, मग तीन महिने इचलकरंजीला दुसऱ्या मुलाकडे, संग्रामकडे, मग सांगलीला मुलीकडे, वृषालीकडे, आणि वर्षाची शेपटी नाशिकला धाकट्या तुषारकडे. दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी तुषारने कॅलेंडर उघडलं.

"दादाकडे नव्वद दिवस आणि माझ्याकडे ब्याण्णव. का? तो पुण्यात राहतो म्हणून?"

हे भांडण आप्पांनी स्वतः मिटवलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजून दिल्या होत्या त्यांनी. वाटणी वाकडी दिसली की त्यांना जेवण जात नसे. कागद घेतला, वर्षाला चारने भागलं आणि निकाल दिला: प्रत्येकी एक्क्याण्णव दिवस, सहा तास. तेव्हापासून बदलीची वेळ कधी सकाळी सहा, कधी दुपारी बारा, कधी संध्याकाळी सहा. देणारा वेळेआधी सोडायचा, घेणारा वेळेवरच घ्यायचा. मधले तास आप्पा कराडजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात बॅग मांडीवर घेऊन बसत. तिथल्या वेटरला वाटायचं, हे गृहस्थ कुठल्याशा खात्याचे इन्स्पेक्टर आहेत. तो त्यांच्या टेबलावर दर वेळी नवीन मीठ ठेवायचा.

आप्पांना खरं तर एकच हवं होतं. एका घरात राहायचं होतं. कुठल्याही. रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत न ठेवता कपाटात ठेवायच्या होत्या. पण हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण मोजणीदाराने बाजू घ्यायची नसते. नोकरीत असताना एकदा बांधावर दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले होते. दोघंही ओरडत होते, "साहेब, तुम्हीच सांगा, विहीर कुणाची?" आप्पांनी साखळी गुंडाळत सांगितलं होतं, "माझं काही म्हणणं नाही. मी फक्त मोजणीला आलोय." पुढे त्या विहिरीत एक भाऊ सापडला. मोजणी मात्र बरोबर निघाली. वरच्या ऑफिसने शाबासकी दिली.

तर एकतीस मार्च. अभिजित टाय बांधत बाहेर आला आणि म्हणाला, "आप्पा, बॅग ठेवा खाली. या वेळी जायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कायमचं सोडवून टाकलंय आम्ही. आता बॅगबिग नाही, ते कराडचं हॉटेल नाही. कायमचा पत्ता मिळणार तुम्हाला."

आप्पा उठले. बॅग उघडली, गोळ्यांची पाकिटं काढली आणि बाथरूमच्या आरशामागच्या कपाटात एका ओळीत लावली. ओळ सरळ आली का, ते एक डोळा मिटून बघितलं. मग अभिजितच्या गाडीत बसले.

गाडी समविभाग केंद्रापाशी थांबली. ते हायवेलगत होतं. आधी तिथे सोफ्यांचं शोरूम होतं, त्यामुळे वाट बघायची सोय फार चांगली होती. तिघं भावंडं आधीच येऊन सोफ्यात रुतली होती. डॉक्टर रेवती पाटणे हसतमुख बाई होत्या. त्यांनी आप्पांना 'सर' म्हटलं, पाणी दिलं आणि भिंतीवरचं चित्र दाखवलं.

"माणूस म्हणजे अवयवांची यादी, असं आपण उगाच धरून चालतो, सर. आत बघितलं तर मालाचे प्रकार चारच. त्यांना ऊती म्हणतात. एकसारखी कामं करणाऱ्या पेशींचा गट म्हणजे ऊती. पहिली अभिस्तर ऊती. हिच्या पेशी एकमेकींना खेटून, मध्ये फट नाही. शरीराला जिथे जिथे पृष्ठभाग आहे तिथे हिचा थर: कातडीचा वरचा पापुद्रा, नखं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, घामाच्या ग्रंथी. दुसरी संयोजी. हिच्यात पेशी विरळ आणि मधला माल जास्त. हाडात तो माल कडक, चरबीत लुसलुशीत, रक्तात पातळ."

"रक्त पण त्यातच?" वृषालीने विचारलं.

"रक्त पण. सगळ्यांना धरून ठेवणारी ऊती आहे ती. तिसरी स्नायू. हिला एकच काम येतं, आखडायचं आणि सैल व्हायचं. हातपाय हलवणारी तीच, आतडी ढकलणारी तीच, हृदयही तीच. आणि चौथी चेता ऊती. मेंदू, मज्जारज्जू, नसा. निरोप न्यायचे आणि आणायचे."

"पण हे सगळं तर एकमेकांत मुरलेलं असतं," आप्पा म्हणाले. त्यांना विषयात रस वाटू लागला होता.

"अगदी बरोबर, सर. म्हणूनच आधी जमत नव्हतं. भाजलेल्या रुग्णांसाठी कातडी वाढवता वाढवता हा द्रव सापडला. पेशींना एकमेकींशी बांधणाऱ्या प्रथिनांच्या गाठी असतात. हा द्रव त्या गाठी सोडतो, पेशीला धक्का लावत नाही. डाळ भिजवली की साल कशी आपणहून सुटते, तसं. मग प्रत्येक ऊती वेगळ्या टाकीत, तिच्या तिच्या खाद्यात. नसांच्या टोकांना धुळीच्या कणाएवढे प्रेषक बसवतो. आधी बोटाचा निरोप नसेतून मेंदूला जायचा, आता मोबाइलच्या जाळ्यावरून जातो. शरीर एकाच जागी असावं ही निसर्गाची सवय आहे, सर. अट नाही."

"म्हणजे मी मरणार नाही."

"छे! अख्खेच राहाल. फक्त लांब व्हाल. इचलकरंजी ते नाशिक."

"बघा की आप्पा," संग्राम म्हणाला. "एकाच वेळी चौघांकडं. ह्याच्यापरीस समान काय असतंय?"

समान म्हटल्यावर आप्पांनी चष्मा पुसला. "वजनं सांगा."

डॉक्टरांनी सांगितली. आप्पांच्या बासष्ट किलोंत संयोजी साडेएकतीस, स्नायू पंचवीस, अभिस्तर साडेतीन आणि चेता दोन.

"हे समान नाही," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. "साडेएकतीस कुठं, दोन कुठं?"

"क्षेत्राने नाही, सर. प्रतीने."

हा मुद्दा आप्पांनी स्वतः शेकडो शेतकऱ्यांना समजावला होता. विहिरीखालचे दहा गुंठे आणि माळावरचे दोन एकर बरोबरीत धरता येतात. बाईंना धंदा कळत होता. तरी आप्पांनी शेवटची एक हरकत घेतली. "जमिनीचा फार लहान तुकडा पाडायला बंदी आहे. तुकडेबंदीचा कायदा आहे."

"हो, सर. पण तो जमिनीला. माणसाला किमान क्षेत्र ठरवलेलं नाही."

आप्पांनी मनातल्या मनात कलमं चाळली. कायदा खरंच तसा नव्हता.

शिंत्र्यांच्या घरात वाटणीची रीत पिढ्यान्‌पिढ्या एकच: थोरल्याने हिस्से पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही. तुषारने डोळे मिटायचं नाटक करून अभिस्तर ऊती उचलली. त्याचा मलमांचा कारखाना होता आणि कातडीवर त्याचा आधीपासून डोळा होता. वृषालीने संयोजी घेतली. तिचं घर तळमजल्यावर होतं, साडेएकतीस किलो जिन्यावरून चढवायला नको. संग्रामने पंचवीस किलो स्नायू घेतला आणि हृदय त्यातच येतं हे कळल्यावर म्हणाला, "वरनं हृदय फुकट!" अभिजितला उरलेले दोन किलो मिळाले. तो खूश झाला. शोकेसमध्ये मावेल इतकंच होतं.

"आणि बोलतात कुठून?" त्याने सहज विचारलं.

"चेता ऊतीतून. स्पीकर आम्ही देतो."

अभिजितचा चेहरा उतरला. संग्राम इतका हसला की सोफा कुरकुरला. "घे दादा! ऐकायचा हिस्सा तुला!"

मग फक्त एका खुणेची जागा राहिली. फॉर्मवर 'ज्येष्ठ नागरिकाचे म्हणणे' असा रकाना होता. डॉक्टरांनी पेन वर धरलं. वृषाली इतका वेळ पदराशी चाळा करत बसली होती. ती म्हणाली, "आप्पा, तुम्हाला हे पाहिजे का? नको असलं तर आत्ता सांगा. मी घेऊन जाते तुम्हाला. अख्खे."

अभिजित छताकडे बघत होता. तुषार घड्याळाकडे. संग्राम बहिणीकडे, आणि त्याच्या नजरेत नवऱ्याला विचारलंस का, एवढाच प्रश्न होता.

आप्पांनी तोंड उघडलं. वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण समोर चार हिस्सेदार, मध्ये टेबल, टेबलावर नकाशा. चौतीस वर्षांत असं बसल्यावर त्यांच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"माझं काही म्हणणं नाही. मी फक्त मोजणीला आलोय."

"संमती," डॉक्टरांनी लिहिलं.

विलगक नावाचं ते यंत्र बाथटबसारखं होतं. भूल दिली नाही. "वेदना होणार नाही, सर. दुखतंय हे कळवायचं कुणाला, हेच अंगाला समजणार नाही," असं डॉक्टर म्हणाल्या. ते बरंचसं खरं निघालं. आधी कातडी सैल झाली, सदरा एक माप मोठा झाल्यासारखी. मग हाडं निघून गेली आणि आपण आजवर कशाच्या आधारावर बसत होतो याचं आप्पांना नवल वाटलं. हृदयाचे ठोके लांब जाताना ऐकू आले, बाजूच्या खोलीत, मग कॉरिडॉरमध्ये, मग कॅन्टीनच्या दारात. संध्याकाळी चौघांनी केंद्राच्या कॅन्टीनमध्ये मिसळ खाल्ली. दोन वर्षांत पहिल्यांदाच चौघं एका टेबलावर बसली होती. आप्पाही तिथेच होते, बाजूच्या चार खुर्च्यांवर.

अभिजितने टाकी टीव्हीशेजारी ठेवली. आप्पांच्या डोळ्यांचा मागचा पडदा, जो चेता ऊतीतच येतो, एका भिंगाला जोडला होता. त्या भिंगातून हॉल दिसायचा. स्पीकरला आवाजाचं बटण होतं. पहिल्या आठवड्यात ते सातवर होतं, दुसऱ्यात तीनवर. अभिजितच्या मीटिंगा असल्या की शून्यावर. पाहुणे आले की सून सांगे, "हे आमचे सासरे. बोलतात पण!" मग आप्पा "नमस्कार" म्हणत आणि पाहुणे टाळ्या वाजवत.

बाकीचे हिस्से जाळ्यावरून कळत. नाशिकला पहिला आठवडाभर तुषारची बायको रोज सकाळी जिभेच्या अस्तरावर चहाचा थेंब टाकायची आणि आप्पा पुण्यात "आलं जास्त झालंय" म्हणायचे. आठव्या दिवशी ती विसरली. इचलकरंजीत वीज गेली की संग्राम स्नायूंची टाकी आपल्या कापडाच्या मागाला जोडायचा. मग पुण्यात टीव्हीशेजारी बसल्या जागी आप्पांना सोळा तास चालल्याचा थकवा यायचा. "आप्पांचं कापड एकदम एकसारखं निघतंय," संग्राम कौतुकाने फोनवर सांगे. "एक दोरा वाकडा न्हाई!" हे ऐकून आप्पांना बरं वाटे, याचंच त्यांना वाईट वाटे. सांगलीत वृषालीचा नवरा नगरसेवक होता. त्याच्या वाढदिवसाला, त्याच्या साहेबांच्या वाढदिवसाला आणि साहेबांच्या साहेबांच्या वाढदिवसाला आप्पा रक्तदान करत. सतरा प्रमाणपत्रं झाली. त्यांतल्या एकावर 'तरुणांचे प्रेरणास्थान' असं छापलं होतं. हाडं मात्र वृषाली रोज फडक्याने पुसायची. हाडाला स्पर्श फारसा कळत नाही. तरी सकाळी साडेआठच्या सुमारास आप्पा गप्प बसून लक्ष द्यायचे.

आठव्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकराला आप्पांच्या पाठीला, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, खाज सुटली.

"अभिजित, पाठ खाजतेय रे."

"पाठ नाशिकला आहे, आप्पा."

तुषारला फोन लावला. तो उत्साहात होता. "सुटली ना? मस्त! खाजेच्या मलमाची चाचणी आहे. आधी खाज आणायचं लावलंय, घालवायचं नंतर."

"मग जरा खाजव की."

"मी हात लावला तर चाचणी बाद होते, आप्पा. नियमच आहे. रुग्णाने स्वतःच्या हाताने खाजवलेलं चालतं. त्याची वेगळी नोंद होते."

"आणि घालवायचं कधी?"

"चौदा महिन्यांनी."

आप्पांनी हिशेब मांडायच्या सवयीने स्वतःचा हात मांडून पाहिला. नखं आणि कातडी नाशिकला. बोटांची हाडं सांगलीला. ती बोटं वाकवणारा स्नायू इचलकरंजीला मागावर. आणि वाकवा म्हणणारा पुण्यात. एक हात हवा तर चारही पोरं एका खोलीत हवीत.

त्यांनी चौघांना एकत्र फोनवर घेतलं. आवाजाचं बटण अभिजितने नाइलाजाने पाचवर नेलं.

"फक्त पाच मिनिटं," आप्पा म्हणाले. "एक रविवार काढा. या सगळे. माझे हिस्से घेऊन या."

"आप्पा, ऑर्डर हाय, परदेशी," संग्राम म्हणाला. "तुमचाच माग थांबवला तर माल कुठनं देऊ? खाजंनं कोण मरतंय व्हय?"

"मला नाशिकहून टाकी हलवायला परवानगी लागते," तुषार म्हणाला.

"मी इथेच आहे," अभिजित म्हणाला. "पण रविवारी आम्ही नसतो."

"मी येते, आप्पा," वृषाली म्हणाली.

आणि ती आली. रविवारी सकाळी दहाला साडेएकतीस किलो घेऊन, दोन हमाल लावून. अभिजितचं घर बंद होतं. वॉचमनने किल्ली दिली. तिने टीव्हीसमोर सतरंजी पसरली आणि उजव्या हाताची सत्तावीस हाडं टाकीतून काढून एकेक करून ओळीने मांडली, अगदी रांगोळी काढावी तशी. मग बापाच्या भिंगासमोर बसून राहिली.

"बाकीचे?" आप्पांनी विचारलं.

"येतायत."

बारा वाजले. एक वाजला. खाज वातीच्या स्टोव्हसारखी आवाज न करता जळत होती. वृषालीने ती हाडं स्वतःच्या हातात धरली आणि हवेत, टाकीच्या मागे, जिथे पाठ असती तिथे, हळूहळू ओढून पाहिली. वर-खाली, वर-खाली.

"काही कळतंय का, आप्पा?"

"हो," आप्पा म्हणाले. "थोडं डावीकडे."

काहीही कळत नव्हतं. तिलाही ते माहीत होतं. ती वीस मिनिटं डावीकडे खाजवत राहिली. चारला नवऱ्याचा फोन आला: उद्याच्या शिबिराला रक्त कुठे आहे? तिने हाडं मोजून भरली. सत्तावीस भरली. दाराशी जाऊन परत आली आणि आवाजाचं बटण दहावर करून गेली. संध्याकाळी अभिजित आला आणि त्याने ते दोनवर आणलं.

आप्पांनी मग सरकारी वाट धरली. ती एकच वाट त्यांना पाठ होती. वेगळं झालेलं माणूस पुन्हा जोडायचं तर जिल्हा ऊती अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा असतो. अटी तीन: चारही हिस्सेदारांची लेखी संमती, अर्जदाराची स्वतःच्या हाताची सही, आणि अर्जदार समक्ष हजर. आप्पांनी अटी तीनदा वाचल्या. त्यांनी स्वतः अशा अटींवर आयुष्यभर अर्ज परत पाठवले होते आणि त्यांतली एकही अट त्यांना कधी कठोर वाटली नव्हती. मग त्यांनी स्पीकरला जोडलेल्या मेलवरून अर्ज पाठवला. तो असा:

प्रति, मा. जिल्हा ऊती अभिलेख अधिकारी.

विषय: पाच मिनिटांच्या तात्पुरत्या एकत्रीकरणाबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार दिनकर शिंत्रे, चेता ऊती, मुक्काम टीव्हीशेजारी, पुणे, सादर करतो की, अर्जदाराची वाटणी समान झालेली असून तिच्याबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. अर्जदाराच्या पाठीस खाज आहे. खाजवण्यास लागणारा हात चार जिल्ह्यांत विभागून असल्याने सही करता आलेली नाही व समक्ष येता आलेले नाही, याची कृपया नोंद घ्यावी. तरी मेहेरबान साहेबांनी अर्जदाराचे चारही हिस्से कोणत्याही एका कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत, एका टेबलावर पाच मिनिटे एकत्र आणावेत व त्या वेळी चारही हिस्सेदारांना समक्ष उपस्थित राहण्याची नोटीस काढावी. पाच मिनिटे जास्त होत असल्यास खाजवण्याचे काम वगळले तरी अर्जदाराची हरकत नाही. हिस्सेदारांची हजेरी मात्र घेण्यात यावी, ही नम्र विनंती.